गिझर लावला हाय

"शुभाताई, आईचा गिझर परत ऑफलाईन दाखवतोय."

फोन सीमेवरून होता. नेमका कुठून, ते सांगायची दत्ताभाऊंना परवानगी नव्हती आणि मला विचारायची गरज नव्हती. मागे वारा इतका होता की निम्मं बोलणं त्यातच जात होतं. रात्र झाली होती तरी मी सांगलीच्या विश्रामबागेत एका डॉक्टरांच्या घरी माळ्यावर वाकून वायर ओढत होते.

"राउटर चालू आहे का?"

"राउटर चालू हाय. टीव्हीचा प्लग पण गेलाय. रोज रात्री असंच होतंय ताई. सकाळी आपोआप येतो."

"आपोआप काही येत नाही, दत्ताभाऊ. कुणीतरी घालवतं आणि कुणीतरी आणतं. उद्या जाऊन बघते."

मी वायरमन आहे. आयटीआय केलं, परवाना काढला, सांगलीत दुकान टाकलं. तरी अजून लोक दार उघडतात, माझ्या मागे बघतात आणि विचारतात, "मिस्त्री कुठाय?" मीच मिस्त्री, असं सांगितलं की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. आधी नुसतं वायरिंग करायचे. मग इन्व्हर्टर आले, कॅमेरे आले, आणि आता हे स्मार्ट प्लग.

स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीतलं सॉकेट आणि उपकरणाची पिन यांच्या मधे बसणारा एक डबा. तो घरच्या वायफायला जोडलेला असतो. मोबाईलवरून चालू करता येतो, बंद करता येतो, अमुक वेळाने बंद हो असं सांगून ठेवता येतं. शिवाय उपकरणाने कधी आणि किती वीज ओढली, ते तो दाखवतो. गिझरला सोळा अँपिअरचा मोठा लागतो. टीव्हीचा लहान प्लग गिझरला लावला तर तो वितळतो, आणि वितळल्यावर लोक मला शिव्या देतात.

बहुतेक गिऱ्हाइकं हे बिल कमी यावं म्हणून लावतात, नाहीतर शेजाऱ्याने लावलं म्हणून. दत्ताभाऊंचं कारण वेगळं होतं. त्यांना आईवर लक्ष ठेवायचं होतं.

आई म्हणजे सुलाबाई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही म्हणते. कवठे महांकाळला स्टँडपासून थोडं आत त्यांचं स्लॅबचं घर आहे. मालक वारले. मुलगा फौजेत नायब सुभेदार. सून पुण्यात नोकरीला, नातवंडं तिथेच शिकतात. आक्का घरी एकट्या. दत्ताभाऊंनी सुट्टीवर आल्यावर आईपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक तर पुण्याला सुनेकडे राहायला जायचं, नाहीतर घरात हे प्लग बसवून घ्यायचे. काही कमी-जास्त दिसलं, की मग पुणं. आक्का म्हणाल्या, "बसव बाबा तुझं काय ते."

त्यांना पुण्याला का जायचं नव्हतं, ते घरात पाऊल टाकलं की समजायचं. पुढच्या खोलीत शेवयांचं मशीन होतं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, वर पितळी साचा. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीतल्या बायका पिठाचे डबे घेऊन तिथे यायच्या. मशीन घरघरत राहायचं, ओल्या शेवया अंगणातल्या दोऱ्यांवर पडायच्या, आणि जगातल्या सगळ्या सुनांचा आणि सासवांचा निकाल तिथे लागायचा. आक्का मधोमध खुर्ची टाकून बसायच्या. ते दोन-तीन महिने त्या वर्षभर पुरवायच्या.

दत्ताभाऊंनी मला तीन प्लग सांगितले होते. एक गिझरला, एक टीव्हीला, एक मशीनला. मी तिसरा बाहेर काढल्याबरोबर आक्का मशीनच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"ह्याला न्हाई लावायचा."

"आवं आक्का, त्यांनीच सांगितलंय."

"त्येला काय करायचंय? हे माझं हाय. ह्यातलं त्याला काय कळाय नगं."

तिसरा प्लग मी पिशवीत टाकला. मग त्यांनी गिझरच्या प्लगकडे बोट केलं. "ह्यात क्यामेरा हाय का?"

"न्हाई आक्का. ह्याला डोळं न्हाईत."

"मंग पोराला दिसतंय कसं?"

आता, अवघड गोष्ट सोपी करून सांगणं हा माझ्या कामातला आवडता भाग. नवीन पोरं गिऱ्हाइकापुढे वॅट, सर्व्हर, ॲप असं फाडफाड बोलतात आणि गिऱ्हाईक नुसती मान हलवतं. मी तसं करत नाही. मी म्हणाले, "तुम्ही सकाळी उठून गिझर लावला, की त्यांच्या मोबाईलवर येतं, गिझर लागला. गिझर लागला म्हंजे आक्का उठल्या. आक्का उठल्या म्हंजे आक्का बऱ्या. एवढंच."

"येवढंच?"

"एवढंच. बंद तो आपला आपण होतो."

गिझर सकाळी आपोआप चालू होईल असंही करता आलं असतं. पण मग दत्ताभाऊंना काहीच कळलं नसतं, घड्याळाने लावला की आईने. म्हणून चालू करायचं आक्कांनी, प्लगवरचं बटण दाबून. सकाळी ठरल्या वेळेपर्यंत लागला नाही, तर दत्ताभाऊंच्या मोबाईलवर इशारा. हे सगळं मी नीट बसवलं, नीट तपासलं आणि खूश होऊन सांगलीला परत आले. थंडीचे दिवस होते, गाडीवर हात गारठले होते.

तर, तो रात्रीचा ऑफलाईनचा प्रकार. गेले दुसऱ्या दिवशी. वायफाय बघितलं, ठीक. व्होल्टेज बघितलं, ठीक. प्लग काढून दुसऱ्या सॉकेटला लावला, उत्तम चालला. मग मला शंका आली.

"आक्का, रात्री झोपताना काय काय करता, मला दाखवा बरं."

त्यांनी दाखवलं. दाराला कडी घातली. गॅस बघितला. मग बोर्डापासून बोर्डापर्यंत घरभर फिरल्या आणि एकेक बटण टक्, टक् करत बंद केलं. देवापुढे हात जोडावेत तितक्या मन लावून. राउटरचं तेवढं राहायचं, कारण ते कपाटामागे होतं आणि त्यांचा हात पोचत नव्हता.

"आवं, बोर्डाचं बटण बंद केलं की प्लगच मरतो."

"मरूं दे की रातच्याला. बटन चालू ठिवून झोप लागती व्हय कुनाला? आमच्या मालकांनी घालून दिलंय. बटन बंद केल्याबिगर झोपायचं न्हाई आन् घर सोडायचं न्हाई."

माझी स्वतःची आई नळ गळावा तशी वीज गळते असं समजायची. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण आहे आणि प्रत्येक घरात ते बंद करणारं एक माणूस आहे. हे प्लग बनवणाऱ्यांना हे माणूस माहीत नसावं.

मी बटणांवर चिकटपट्टी लावली. ती त्यांनी अदबीने काढली, बटण बंद केलं आणि सकाळी परत चिकटवली. शेवटी मी बोर्ड उघडून दोन्ही बटणं बायपास केली. म्हणजे बटण वर असो की खाली, सॉकेटला वीज राहणार. सुरक्षेला एमसीबी होता, म्हणजे गडबड झाली की वीज तोडणारा मुख्य खटका, तो ठेवला. आक्का खुर्चीवर बसून बघत होत्या.

"म्हंजे आता बटन दाबलं तरी बंद न्हाई व्हायचं?"

"न्हाई."

"मंग बटन कशाला ठिवलंय?"

"दिसायला."

त्या हसल्या. चहा टाकला. मी सहज विचारलं, "दत्ताभाऊंचा फोन येतो का?"

"येतो की. आयतवारी."

"आयतवारीच?"

"आदी रोज यायचा सांजच्याला. तिथं बोलन्यायेवढी रेंज टेकाडावरच येती म्हनं, रांग लावून फोन करायचा बिचारा. आता कशाला रोज? त्येला कळतंय की, गिझर लागला."

मला त्या वेळी हे बरंच वाटलं. पोराची रांग वाचली. माझ्या प्लगने वाचवली.

त्यानंतर एकदा इशारा वाजला. आक्का पहाटेच मागच्या दाराने शेजारगावी हळदीला गेल्या होत्या, आंघोळ तिकडेच करणार होत्या. फोन घरीच विसरलेल्या. दत्ताभाऊंनी फोनवर फोन लावले, मग शेजारच्या शोभावैनींना लावला. शोभावैनींनी दार बडवलं, गल्ली गोळा केली, दोघांनी खांदा देऊन कडी तोडली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लग्नघरच्या बुंदीची पिशवी घेऊन आक्का रिक्षातून उतरल्या, तर अंगणात मयताला जमावी तशी माणसं. मोडकी कडी बघून त्या इतक्या ओशाळल्या की दोन दिवस बाहेर पडल्या नाहीत, असं शोभावैनी नंतर मला सांगत होत्या. त्या संध्याकाळी दत्ताभाऊ फोनवर आईला म्हणाले होते, "बघितलंस? म्हनून म्हनतोय, पुण्याला चल."

त्या दिवसानंतर एकही इशारा वाजला नाही. गिझर रोज सकाळी वेळेत लागत होता. टीव्ही रोज संध्याकाळी लागत होता. दत्ताभाऊंच्या तक्रारी बंद झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं.

होळी झाली. ऊन तापायला लागलं. एके दिवशी शिडीवर असताना दत्ताभाऊंचा मेसेज आला. "ताई, गिझरचे युनिट एकदम उतरलेत. उन्हाळा लागला वाटतं तिकडं. प्लग भारी हाय तुमचा." खाली नमस्काराचे दोन हात. मी वरूनच एक अंगठा पाठवला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, गिझरला कमी तापवावं लागतं. गोष्ट खरी आहे. कुणालाही पटली असती.

त्याच आठवड्यात मला कवठे महांकाळला जायचंच होतं. आक्कांनी आधीपासून सांगून ठेवलं होतं, "शुभा, शिजन सुरू व्हायच्या आत मशीन बघून जा. सुरू व्हताना कन्हतंय." मोटर कण्हते म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मोटरला पहिला धक्का देणारा तो लहानसा डबा. एक नवीन बरोबर घेतला आणि दुपार व्हायच्या आत पोचले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्हीवर कीर्तन मोठ्याने चाललं होतं. अंगणात दोऱ्या बांधलेल्या नव्हत्या. मशीनवर चादर टाकलेली. मी हाक मारली. टीव्हीमुळे ऐकू गेलं नसेल असं वाटून आत गेले.

आक्का कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हात लावला तर तवा. श्वास घेताना छातीत काहीतरी घरघरत होतं.

"आक्का! कवापासनं असं?"

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. आणि पहिलं वाक्य काय बोलल्या?

"गिझर लावला हाय."

"गिझरचं राहू द्या. आंघोळ कवा केली? जेवण?"

"लावला हाय गं. सकाळीच लावलाय."

मी न्हाणीत गेले. प्लगवरचा दिवा हिरवा. गिझर तापून बसलेला. बादली पालथी. फरशी खडखडीत कोरडी. साबण वाळून त्याला चिरा पडल्या होत्या. मग धावत शोभावैनींकडे गेले.

शोभावैनींना काही माहीत नव्हतं. त्या रडायलाच लागल्या. "आवं, मी परवा पीठ घिऊन आल्ते की. खिडकीतनंच म्हनल्या, मशीन बिघडलंय, शुभा येनार हाय, मंग या. खोकत हुत्या, पर मला वाटलं, धुळीचं आसंल."

आक्कांनी सगळ्या बायकांना तेच सांगून वाटेला लावलं होतं. मशीन बिघडलंय. आत कुणी आलं असतं तर अंगाला हात लागला असता, दत्ताला कळलं असतं, आणि मग पुणं.

शोभावैनींच्या घरच्या गाडीतून आम्ही त्यांना मिरजेला नेलं. आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत एकदाच त्या बोलल्या.

"शुभा."

"काय आक्का?"

"उंद्या सकाळी गिझर कोन लावनार?"

मी त्यांच्या कपाळावरचा ओला रुमाल उलटा केला.

न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. डॉक्टरांचं हे वाक्य मी इतरांच्या बाबतीत पुष्कळदा ऐकलंय. पण या वेळी ते सांगायला त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरचं दुसरं कुणीच समोर नव्हतं. मी मान खाली घातली.

दत्ताभाऊ सुट्टी काढून आले तेव्हा आक्का जरा सावरल्या होत्या. सून पुण्याहून आधीच आली होती. मी संध्याकाळी डबा घेऊन गेले, तर दत्ताभाऊ व्हरांड्यात बाकावर बसलेले. बूट काढायची शुद्ध नव्हती. मला बघताच त्यांनी मोबाईल पुढे केला.

"हे बघा ताई. रोज लागलाय. एक दिवस चुकला न्हाई. हे बघा, ज्या दिवशी तुम्ही तिला आणलं, त्या दिवशी पण सकाळी लागलाय. मग हे झालं कसं?"

आवाजात राग होता. राग माझ्यावर होता की प्लगवर, त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. मी मोबाईल हातात घेतला आणि गिझरचा ग्राफ उघडला. ग्राफ म्हणजे वीज ओढल्याची रेघ. उपकरण चालू झालं की रेघ वर जाते, थांबलं की खाली येते.

सांगू की नको, असा विचार मनात आला. पण विचारल्यावर खोटं सांगणं मला जमत नाही.

"हे थंडीतलं बघा. गिझर लागला, रेघ वर गेली. बराच वेळ वर राहिली, पाणी तापलं, खाली आली. मग आक्कांनी आंघोळीला पाणी घेतलं. टाकीत गार पाणी शिरलं, म्हणून रेघ परत वर. दोन उंचवटे. दिसले?"

"दिसले."

"आता हा आठवडा बघा. एकच उंचवटा, तोही एवढासा. पाणी आदल्या दिवशीचंच होतं. कुणी काढलंच नव्हतं. थोडं निवलेलं, थोडं तापवलं, संपलं."

ते बघत राहिले. बोट स्क्रीनवरून एकेक दिवस मागे नेत होते.

"म्हंजे ह्यात दिसत हुतं."

"दिसत होतं."

"आन् मला वाटलं, लाईट बिल वाचलं."

फौजेतला माणूस. पाठ ताठ ठेवूनच रडला. मी त्यांच्या शेजारी बसले. मला म्हणायचं होतं की अंगठा तर मीही पाठवला होता, आणि ती रेघ वाचता येते अशी आपल्या दोघांत मीच होते. म्हटलंही. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

जरा वेळाने आम्ही दोघं आत गेलो. आक्कांच्या नाकाला नळी होती, पण डोळे स्वच्छ होते. मुलाचा चेहरा बघून त्यांना काय झालंय ते समजलं असावं.

"तिला काय बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "तिनं मला नीट सांगितलं हुतं. गिझर लागला म्हंजे आक्का बऱ्या. म्हनून लावत हुते मी. हात धरून धरून जायाची, पर लावत हुते."

"आगं पन कशासाठी आई?"

"तू तिथं थंडीवाऱ्यात. तुला घोर नगं."

मग छताकडे बघत त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "आन् मला पुण्याला न्हाई जायचं."

दत्ताभाऊंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यापुढे यांना एकटं ठेवायचं नाही. मी तिथे उभी होते आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. गिझर लागला म्हंजे आक्का बऱ्या. इतकं सोपं करून सांगितलेलं की सत्तरीच्या बाईने ते जिवापाड पाळलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तसं पाहिलं तर प्लगमध्ये काही दोष नव्हता. त्याने एकदाही खोटं सांगितलं नाही. गिझर लागला होता, आणि गिझर लागला असंच तो म्हणाला. आधी त्याच्या जागी संध्याकाळचा फोन होता. फोनवर खोकला ऐकू आला असता. रविवारी आला नाही का ऐकू, असं मी एकदा विचारलं, तेव्हा दत्ताभाऊ म्हणाले, "त्या आयतवारी दोन मिनिटंच बोललो. बरी हायस का, तर म्हनली, गिझर लावलाय की. मला वाटलं, बरोबर हाय. मी ठेवला."

आक्का पुण्याला गेल्या. शेवयांचं मशीन शोभावैनींनी वापरावं असं ठरलं. त्यांनी ते त्यांच्या पडवीत नेलं. मी जाऊन कपॅसिटर बदलून दिला, आता ते कण्हत नाही. बायका येतात. पण शोभावैनी कामाचं माणूस, त्यांना निकाल लावत बसायला वेळ नसतो. शेवया होतात आणि ज्या त्या आपापला डबा घेऊन घरी जातात.

मे महिन्यात मला पुण्याहून फोन आला. आक्का होत्या. आवाज बारीक झाला होता. सुनेची, नातवंडांची चौकशी केली. सगळं ठीक होतं. सून चांगली आहे, नातू पाय दाबून देतो. मग त्या मुद्द्यावर आल्या.

"शुभा, तुला एक इचारू का? गिझरचं बटन तू काढलं हुतंस न्हवं?"

"काढलं न्हवतं. बायपास केलं हुतं."

"तेच गं. आमी निगालो त्या दिवशी मी समदी बटनं बंद केली. दत्ता गाडीत बसून हाका मारत हुता, तरी केली. पर ते दाबलं, तरी प्लगवर दिवा तसाच. टीव्हीचं बी तसंच. येवढं घर सोडून आले, आन् बटन चालू. तवापासनं चुकचुकतंय बघ मनाला. झोप न्हाई."

मी त्यांना सांगू शकले असते की एमसीबी पाडला की संपलं, शोभावैनींना फोन करते, एक मिनिटाचं काम. तांत्रिकदृष्ट्या तेवढं पुरेसं होतं. पण पुरेसं म्हणजे काय, ते मला आता पूर्वीइतकं नक्की सांगता येत नाही. मी गाडी काढली.

शोभावैनींकडून किल्ली घेतली. घरात बंद घराचा वास येत होता. पुढच्या खोलीत मशीनच्या चार पायांचे डाग फरशीवर तसेच होते. न्हाणीत प्लगचा हिरवा दिवा जळत होता. एवढे दिवस त्या रिकाम्या घराची तो इमानदारीने ड्यूटी करत होता. मी दोन्ही प्लग काढले, बोर्ड उघडले, बायपास सोडवलं आणि वायरी परत बटणांवर घेतल्या. टेस्टर लावून बघितलं. बटण बंद, वीज नाही. बटण चालू, आहे. मग आक्कांना फोन लावला.

"आक्का, झालं. पहिल्यासारखं केलं."

"बंद केलंस?"

"करते आता."

"थांब. मला ऐकू दे."

मी मोबाईल बोर्डाजवळ धरला. बटण बंद केलं. टक्.

"टीव्हीचं?"

बाहेरच्या खोलीत गेले. मोबाईल धरला. टक्.

"हां," आक्का म्हणाल्या. "आता घर बंद झालं."

मी अजूनही प्लग बसवते. मागणी आहे, पोट आहे. पण सोपं करून सांगण्याची माझी जुनी खोड जरा आवरली आहे. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ह्याच्यानं नेमकं काय कळतं?" मी सांगते, गिझर लागला म्हणजे गिझर लागला, एवढंच कळतं. बाकीचं फोन करून विचारायचं.